शरदातली पायवाट



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढ, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, हे श्रोते घरून ठरवूनच येतात. आज कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘शरदातली पायवाट’ असा विषय पाहून काहींना छापखान्याची चूक वाटली असेल. छापखान्याची चूक नाही. मी आज भटकंतीवरच बोलणार आहे. ऐन वैशाखाच्या उन्हात शरद ऋतूची गोष्ट सांगणे हा थोडा दुष्टपणा आहे खरा, पण प्रवासाचे बेत आधी आखलेले बरे असतात. आणि बोलता बोलता मजुरीचा विषय निघालाच, तर तो मी ओढून आणला असे समजू नका. त्या वाटेवर तो मुळातच पडलेला आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंत. वडील गिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि आमच्यासारख्या घरांतल्या पोरांच्या शाळा एकामागून एक सुटत गेल्या. पुढचे जे काही शिकलो ते कामगार वाचनालयात, आणि दुसरे शिकलो ते पायी चालताना. पुस्तकाला निदान वर्गणी लागते. चालायला तीही लागत नाही. पण थांबा, हे म्हणणे पुरते खरे नाही. चालायला एक फार महाग वस्तू लागते, ती म्हणजे सुट्टीचा दिवस.

हा सुट्टीचा दिवस आकाशातून पडला नाही. आपल्या देशात गिरणी कामगारांना आठवड्याला एक दिवस विश्रांती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा घेतल्या, अर्ज केले, गिरणीमालकांशी वाद घातले. तेव्हा कुठे 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी सकाळी पाठीला पिशवी लावून निघणाऱ्या तरुणाने एकदा तरी लोखंड्यांचे नाव मनात आणावे. पगारी रजा तर त्याच्याही नंतरची. फ्रान्समधल्या कामगारांनी 1936 सालच्या संपानंतर दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवली, आणि कित्येक कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली.

सुट्टी मिळाली तरी वाट मोकळी असतेच असे नाही. इंग्लंडात मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचे माळरानाचे पठार आहे. सरदार-जमीनदारांनी ते शिकारीसाठी राखून ठेवले होते. गिरणीच्या धुरात आठवडा काढणाऱ्या तरुणांनी 24 एप्रिल 1932 रोजी ठरवून, गाणी म्हणत, त्या बंदी असलेल्या पठारावर पाय ठेवला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघ्या विशीचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण सतरा वर्षांनी, 1949 साली, त्या देशात राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि तोच डोंगराळ मुलूख पहिल्या उद्यानात गणला गेला. तात्पर्य इतकेच की, रानात हिंडणे हा रिकामटेकड्यांचा छंद नाही. कष्टकऱ्यांनी तो लढून मिळवलेला हक्क आहे.

आता वाटेला लागू. नकाशावर मुंबईच्या उत्तरेला बोट ठेवा. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा. त्याचे पश्चिमेचे टोक खाऱ्या पाण्यात भिजते आणि पूर्वेचे टोक सह्याद्रीला टेकते. त्या पूर्वेच्या अंगाला जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आहेत. नवरात्र बसल्यापासून दिवाळी संपेपर्यंतचा काळ या भागात हिंडायला सर्वांत चांगला. पाऊस शंभर इंचांच्या घरात पडून गेलेला असतो. ओढे अजून वाहत असतात, पण वाट अडवत नाहीत. पायवाटांवरचा चिखल वाळून घट्ट झालेला असतो. चढ फार नाहीत. शिखर सर करायचे नाही, दोर लागत नाही. आजोबांनी नातवाचे बोट धरून चालावे अशी ही वाट आहे.

जव्हारला एस.टी.ने जावे. गाव सुमारे दीड हजार फूट उंचीवर, पठाराच्या माथ्यावर आहे. जुने ठाणेकर कौतुकाने त्याला जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत. येथे मुकणे घराण्याचे महादेव कोळ्यांचे राज्य होते. जयबा मुकण्यांनी चौदाव्या शतकात ते उभे केले आणि 1948 साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. एका आदिवासी घराण्याने सहाशे वर्षे गादी सांभाळली, ही गोष्ट आपल्या शाळेच्या इतिहासात सहसा सापडत नाही. गावाबाहेर जयविलास राजवाडा आहे, तो पाहावा. तेथून जवळच शिरपामाळ नावाचे पठार आहे. 1664 च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज या वाटेने गेले आणि जव्हारच्या राजाने माळावर त्यांचे स्वागत केले, असे जव्हारकर अभिमानाने सांगतात. संध्याकाळी या पठाराच्या कडेला उभे राहिले की खाली दरीत डोंगरांच्या निळ्या रांगा एकीमागे एक विरत जातात.

दुसऱ्या दिवशी पहाटे चालायला लागावे. रानात शिरताच पहिला भेटतो तो साग. त्याचे तळहाताएवढे नव्हे, चांगले पत्रावळीएवढे पान आता कडक होत आलेले असते. सागाबरोबर ऐन, धावडा, हेद, खैर, पळस, मोह. दसऱ्याला तुम्हीआम्ही सोने म्हणून लुटतो तो आपटाही येथलाच. शहरात दहा रुपयांना एक जुडी घेताना आपण घासाघीस करतो. ती जुडी तोडायला कोणती बाई किती कोस रानात हिंडली आणि रात्री कोणत्या फलाटावर झोपली, हे एकदा आपटा पाहून आठवावे.

रान विरळ झाले की शेते येतात. सखल जागी भाताची खाचरे. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास पिवळे पडून कापणीला आलेले असते आणि वाऱ्यावर त्याचा गोड वास येतो. उतारावर नागली आणि वरई. आणि डोंगराच्या कुशीत सर्वांत देखणे पीक म्हणजे खुरासणी. तिचे पिवळे ताटवे दुरून पाहणाऱ्याला वाटते, कोणी बाग लावली आहे. ती बाग नव्हे, ते घरातले वर्षाचे तेल आहे. पाड्यावरच्या घरांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. अशाच भिंतींवर लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची वारल्यांची चाल आहे. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चालता चालता पाण्याचा आवाज येतो. जव्हारजवळ काळमांडवीचा धबधबा आहे, आणि थोडा दूर लेंडी नदीवर दाभोशाचा, सुमारे तीनशे फुटांचा. शरदात त्याचे गढूळपण गेलेले असते. पाणी पांढरेशुभ्र, खाली डोह काळाभोर. वरून पाहावे, मन भरेपर्यंत पाहावे, पण डोहात उतरू नये. डोहाला तळ कोठे आहे हे गावकऱ्यांना माहीत असते, आपल्याला नसते.

आणि या सगळ्यावर पसरलेले असते गवत. छातीएवढे वाढलेले, शेंड्यावर सोनेरी झालेले, उन्हात लाटांसारखे हलणारे गवत. शहरातला मनुष्य ते पाहून म्हणतो, वा, काय शोभा! मंडळी, येथे मला क्षणभर थांबू द्या. कारण या जिल्ह्यातल्या शरदाचा खरा इतिहास त्या गवतात आहे.

स्वातंत्र्यापूर्वी डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात जमिनी गेल्या होत्या सावकार-जमीनदारांच्या घशात. वारली त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबत होता आणि वर वेठ करीत होता. वेठ म्हणजे मालक बोलावील तेव्हा फुकट जायचे. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही सावकाराची बांधील. त्याला नाव होते लग्नगडी. कर्ज फिटत नसे, पिढी मात्र फिटून जाई. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचे काम घेऊन या भागात शिरले. 23 मे 1945 रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असा त्यांनी निश्चय केला. मग पाऊस आला, गेला, आणि गवत कापणीचे दिवस आले. तोच हा शरद, तेच हे सोनेरी गवत. वारल्यांनी मागणी केली की पाचशे पौंड गवत कापल्याबद्दल अडीच रुपये मजुरी मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत विळा हाती धरणार नाही. गवत उभे राहिले. कापणाऱ्याशिवाय गवताची किंमत शून्य असते, हे जमीनदारांना प्रथमच कळले.

10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड होता. तरी संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी पुढे 1970 साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे लिहिले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी पहिल्या प्रवासाआधी वाचावे, म्हणजे गवताकडे पाहण्याची दृष्टी बदलेल. आम्ही कामगार चळवळीतले लोक लंडन-शिकागोचे दाखले देतो, पण ज्यांना आकडा वाचता येत नव्हता त्यांनी पौंडाचा आणि रुपयाचा हिशेब मांडून संप चालवला तो आपल्याच जिल्ह्याच्या कुरणात.

तिसऱ्या दिवशी मोखाड्याकडे वळावे. खोडाळा, सूर्यमाळ हा भाग आणखी उंच, आणखी शांत. सूर्यमाळच्या बाजूला सकाळचे धुके फार वेळ रेंगाळते. खाली वैतरणेचे खोरे दिसते. ही नदी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगवते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. मुंबईची तहान हिच्यावर भागते. 1957 साली मोडकसागर झाले, 1973 साली वरच्या वैतरणेचे धरण झाले, आणि 2014 साली मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे 102 मीटर उंचीचे धरण उभे राहिले. एकट्या मध्य वैतरणेतून रोज 455 दशलक्ष लिटर पाणी मुंबईला मिळते. ते स्थापत्य पाहून छाती फुगते, फुगलीच पाहिजे. तेही मजुरांच्याच हातचे काम आहे. परंतु त्याच मोखाड्यातले पाडे फाल्गुन-चैत्रात टँकरची वाट पाहतात. शरदात जाणाऱ्या प्रवाशाला हे दिसत नाही, कारण तेव्हा प्रत्येक ओहोळ खळखळत असतो. म्हणून मी म्हणतो, ज्या वाटेने तुम्ही आश्विनात गेलात त्याच वाटेने एकदा या दिवसांतही जा. मोह टिपून झालेला असेल, बोहाड्याचे मुखवटे नाचत असतील, आणि विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणारी मुलगीही दिसेल. दोन्ही पाहिले म्हणजे मुलूख पाहिला.

आश्विन वद्य द्वादशीला तिकडे वाघबारस असते. गुराखी वाघदेवाची पूजा करतात. आपल्या गुरांना सांभाळ, एवढेच त्याच्याकडे मागायचे. नवे धान्य घरात येण्याआधी कणसरीचा, म्हणजे धान्यदेवीचा मान व्हायचा. रात्री तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान, एवढ्यावर ते वाद्य होते. वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेत हात घातलेली बायकापुरुषांची साखळी त्याच्याभोवती. मी एकदा आमच्या संघटनेतल्या एका सभासदाच्या पाड्यावर या दिवसांत राहिलो होतो. तो किनाऱ्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटी मजूर. कारखान्यात मान खाली घालून बोलणारा हा गडी त्या साखळीच्या टोकाला असा नाचत होता, की मला ओळखू येईना. त्याची आई म्हणाली, “दादा, आज नाचू दे त्याला. परवा सगळी जायची.”

सगळी जायची म्हणजे कोठे, हे शहरातल्या माणसाला सांगावे लागते. पावसात घरातले धान्य संपते, तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस पाड्यावर येऊन उचल देऊन जातो. त्या उचलीवर श्रावण-भादवा निघतो. दिवाळी झाली की ती फेडण्यासाठी सारे कुटुंब वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जाते. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने, आणि हिशेब मालकाच्या वहीत. घर म्हणजे विटांचाच उभा केलेला आडोसा. परत यायचे ते पावसाच्या तोंडाशी. पोरेही बरोबर, म्हणून शाळेच्या पटावर नाव आणि बाकावर जागा रिकामी. भट्टीवरच्या पोरांसाठी ‘भोंगा शाळा’ चालवाव्या लागल्या, त्या याच जिल्ह्यात. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला. कागदावर लग्नगडी संपला. पण उचल घेतलेल्या कुटुंबाला भट्टी सोडून जायची मोकळीक किती असते, हे जाऊन विचारा. मघाशी मी 240 दिवसांचा हिशेब सांगितला. जेथे हजेरीची वहीच कामगाराची नसते, तेथे ते दिवस मोजायचे कोणी?

1992 साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालमृत्यू झाले आणि साऱ्या महाराष्ट्राने मान खाली घातली. मंत्री आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, योजना आल्या. काही सुधारलेही, ते नाकारू नये. रस्ते झाले, आश्रमशाळा झाल्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत्या जमिनीवर नाव लावण्याची वाट उघडली, आणि त्यासाठी कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना यांच्यासारख्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पण कुपोषण हा शब्द त्या भागातून अजून हद्दपार झालेला नाही. आपण ज्याला निसर्गरम्य म्हणतो त्याच टापूत मूल उपाशी असते, ही गोष्ट मनात न ठेवता तेथे हिंडणे म्हणजे कोणाच्या तरी घरात शिरून भिंतीवरचे चित्र पाहणे आणि चुलीकडे न पाहणे होय.

आता शेवटचा दिवस, समुद्राचा. डोंगर उतरून पालघरकडे यावे आणि केळव्याला जावे. दोन दिवस ज्या खोऱ्यांतून हिंडलो तेथली माती शेवटी याच किनाऱ्यांच्या दिशेने वाहत येते. सुरूच्या बनातून चालताना पायाखाली सुयांसारख्या काड्यांची मऊ गादी असते आणि डोक्यावर एकसारखा झुळझुळ आवाज. बनापुढे वाळूचे उंचवटे. आपल्याकडच्या वाळूच्या टेकड्या वाळवंटासारख्या अजस्र नाहीत, ठेंगण्याच आहेत. पण त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. वारा कोरडी वाळू ढकलत आणतो, वाटेत काडीकचरा किंवा झुडूप आले की ती तेथे साचते. मग तिच्यावर मर्यादवेल पसरते. जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची ही वेल गाठीगाठीला मूळ धरते आणि वाळूला जखडून ठेवते. समुद्राची मर्यादा राखते ती मर्यादवेल. आपल्या पूर्वजांनी नाव किती विचाराने ठेवले! पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि शरदात समुद्र शांत झाला की ती हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून या दिवसांत किनारा भरलेला दिसतो. समुद्र नेलेले परत करतो. रेतीचा ट्रक मात्र नेलेले परत करीत नाही, आणि मग लाट थेट वाडीत शिरते.

किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात. वासाने नाक मुरडू नये, कोणाचे तरी वर्ष तेथे वाळत असते. डहाणूकडे वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. बंदर हवे म्हणणारे काम मिळेल म्हणतात, आणि मच्छीमार म्हणतात, आमचे काम जाईल. मी कामगारांचा माणूस आहे. मला कामाचा तिटकारा नाही. पण नवे काम देताना जुने काम ज्याचे जाते त्याला आधी विचारावे, एवढा साधा नियम आम्ही प्रत्येक कारखान्याच्या दारात मांडत आलो. तो समुद्राच्या दारातही लागू आहे.

मंडळी, वेळ संपत आला. जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. वाट दाखवायला पाड्यावरचा माणूस घ्या आणि त्याला दिवसाची पुरती मजुरी द्या, बक्षिसी नव्हे. कोणाच्या घरी नागलीची भाकरी खाल्लीत तर दाम मोजा आणि आभार माना, दोन्ही. पोरांना गोळ्या-चॉकलेटे वाटून हात पसरायला शिकवू नका. शेताच्या बांधावरून चाला, पिकातून नको. वाळत्या गवतात काडी टाकू नका. विचारल्याशिवाय कोणाची छबी काढू नका. आणि चालताना डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोरून आली तर बाजूला व्हा. ती वाट तिची आहे. आपण पाहुणे आहोत.

आणि एक गोष्ट परत आल्यावर करायची आहे. तुमच्या गावात इमारत बांधली जात असेल, तिच्या विटा कोणत्या भट्टीवरून आल्या ते विचारा. तेथे जव्हार-मोखाड्याची माणसे असतील तर हिशेबाची वही त्यांना दाखवली जाते का, पोरे शाळेत जातात का, आठवड्याला एक दिवस सुट्टी मिळते का, हे विचारा. 1890 साली गिरणगावाला मिळालेला रविवार भट्टीपर्यंत अजून पोचायचा आहे. ज्या माणसाने आपल्याला त्याच्या रानातून हिंडवले, त्याला त्याच रानात शरदाचे चार दिवस निवांत बसता यावे, भात झोडून तारपा ऐकता यावा, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बोचके बांधावे लागू नये, ही मागणी काही मोठी नाही. ती आम्ही आमच्या संघटनेच्या ठरावात घेतली आहे. तुम्ही ती आपल्या मनात घ्या, इतकेच मागतो आणि आपली रजा घेतो.